पुढच्या पंखांचा वाद

डिचोलीच्या बसस्टँडामागे आनंदीचं चहाचं दुकान आहे. तिथं दोन म्हातारे रोज सकाळी चीनच्या लढाऊ विमानावरून भांडायचे. सुरुवातीला गिऱ्हाइकांना गंमत वाटायची, मग सवय झाली. पातळभाजीत पाव बुडवत लोक आपापलं खात राहायचे आणि कोपऱ्यातल्या मेजावर सगुण गाड आणि नारायण शेट्ये यांचं युद्ध चालू असायचं.

सगुणचं सगळं आयुष्य पाण्यावर गेलं होतं. खाणीतली लोहखनिजाची माती मांडवी नदीतून खाली मुरगावच्या बंदरात नेणाऱ्या बार्जवर तो तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. तिथून मोठ्या बोटी तो माल चीनला घेऊन जायच्या. खाणी बंद पडल्या, बार्ज काठाला बांधून ठेवल्या आणि त्यांच्याबरोबर सगुणही घरी बसला. मुलगा गौरेश क्रूझवर स्वयंपाक्याचं काम करतो. वर्षातून एकदा येतो, येतो तेव्हा झोपलेला असतो. मग सगुणच्या हातात मोबाइल आला, आणि मोबाइलमधून हे विमान.

नारायण वास्कोला नौदलाच्या विमानांचा मेकॅनिक होता. निवृत्तीनंतर डिचोलीत भाड्यानं राहत होता. विमान या विषयावर डिचोलीत आपल्याला कोणी विचारत नाही, ही त्याची खंत सगुणनं पहिल्याच भेटीत घालवली.

"ते चिनी विमान बघितलंस? रडारला दिसत नाय म्हणतात."

"कोण म्हणता?" नारायणनं बशी खाली ठेवली. "अमेरिकेचे तज्ज्ञ काय म्हणतात ते ऐक आधी. पंखांच्या पुढं आणखी दोन लहान पंख लावलेत त्यांनी. लपायला निघालेला माणूस हात हलवीत जातो काय?"

"लांब बसून नावं ठेवूक काय लागता?"

"आणि केवढं लांब ते! लढाऊ विमान काय ते? कदंबाची बस ती!"

"लांब आसा म्हणून इंधन मावता. लांब जाऊक होया त्यांका. समुद्र केवढो मोठो आसा बघ."

"समुद्राचं तू बोल. विमानाचं मी बोलतो."

असं ते चालायचं. सगुण नवनवे व्हिडिओ शोधून आणायचा. ते लहान पंख मोठ्या पंखांच्या रेषेत असले की फारसे दिसत नाहीत, असं कोणीतरी म्हणालेलं असायचं. नारायण हसायचा. "आणि वळताना? वळताना ते पंख फिरतात, तेव्हा काय करणार?" एकदा सगुण म्हणाला होता, "आमच्या मातीचं लोखंड आसतलं त्या विमानात." तेव्हा नारायण इतका हसला की आनंदीनं पाणी आणून दिलं. "मेल्या, विमान लोखंडाचं नसता रे!"

सगुणला चीनचं प्रेम होतं असं नाही. पण मुरगावला एकदा त्याची बार्ज परदेशी बोटीला लागत असताना वरच्या कठड्यावरून कोणीतरी अधिकारी खाली बोट दाखवून हसला होता. भाषा सगुणला कळली नाही, हसणं कळलं. लांबून, उंचावरून कोणी कशाला हसलं की तो अजून लगेच खालच्याची बाजू घ्यायचा. हे त्यानं नारायणला कधी सांगितलं नाही. नारायणनंही विचारलं नाही.

मग एका सकाळी नारायण आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सगुणनं दोन चहा सांगितले आणि एक तसाच थंड झाला. शेवटी आनंदी म्हणाली, "तुमका कळूक नाय? त्यांका झटको आयलो. मुलगी घेऊन गेली, वाळपईक."

नारायणला मुलगी आहे, हे सगुणला ठाऊकच नव्हतं.

वाळपईच्या बाजारात विचारत विचारत तो घरी पोचला. दार उघडणाऱ्या बाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही सगुणकाका? विमानवाले?" तिचं नाव सायली. बाबा फोनवर फक्त तुमच्या भांडणांबद्दल बोलायचे, असं तिनं सांगितलं.

नारायण खिडकीजवळच्या खाटेवर होता. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. ओळख मात्र डोळ्यांत होती.

"बोलत राहा त्यांच्याशी," सायली हळूच म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय."

ती आत गेली, सगुण खाटेजवळ बसला. इतकी वर्षं समोरासमोर बसलो. या माणसाची बायको कुठं असते, आहे की गेली, हेसुद्धा आपण विचारलं नाही. आपली बायको विनोदिनी कशी गेली हे त्याला माहीत नाही. मग सगुणनं जे येत होतं तेच केलं. खिशातून मोबाइल काढला.

"परवा नवीन इंजिन लावलेलं दाखवलं त्यांनी. आता बोल."

सगुणनं आपली बाजू मांडली. समोरून काहीच येईना, तेव्हा ती त्यालाच पोकळ वाटू लागली. मग त्यानं नारायणची बाजू घेतली, पंख, वळणं, मागून दिसणारी इंजिनं, सगळं नारायणच्या आवाजात. शेवटी तो थकला आणि म्हणाला, "जाऊ दे. तुझंच खरं. ते पुढचे पंख चुकलेच. हरलो मी."

नारायणचा चेहरा आक्रसला. डावा हात उठला, मोबाइलवर आदळला, मोबाइल जमिनीवर पडला. "ना," तो म्हणाला. "ना... ना."

सायली धावत आली. "बोलले! बाबा बोलले!" तिला वाटलं, काहीतरी नको म्हणताहेत. तिनं पांघरूण काढून पाहिलं, उशी सरकवली. सगुण फुटलेली काच गोळा करत राहिला. आपलं हरणंच हा नको म्हणतोय, ते त्याला कळलं होतं.

त्यानंतर तो दर आठवड्याला वाळपईला जाऊ लागला. पावसाळा संपेपर्यंत नारायणला थोडे शब्द आले. पाणी. सायली. नको. बस. हाताला धरून तो पडवीपर्यंत येऊ लागला. सगुण वाट पाहत होता. एक दिवस त्यानं दुरुस्त केलेल्या मोबाइलवर त्या विमानाचा मोठा फोटो उघडला आणि नारायणच्या पुढ्यात धरला.

"सांग. कसं आसा?"

नारायणनं बराच वेळ पाहिलं. लहान पंखांवरून त्याची नजर तशीच पुढं गेली. मग त्याचा चेहरा मोकळा झाला, अनोळखी पाहुण्याशी हसावं तसा तो हसला.

"बरां," नारायण म्हणाला. "बरां आसा."

इतकी वर्षं सगुणला हेच ऐकायचं होतं. त्यानं मोबाइल खिशात ठेवला. पडवीत ऊन आलं होतं, समोरच्या सुपारीच्या झाडांवर पक्षी ओरडत होते. "तुका पटलां?" त्यानं विचारलं. नारायण पुन्हा हसला, "बरां."

ज्याला भांडणच आठवत नाही त्याच्याशी आपण जिंकलो, असं परतीच्या बसमध्ये सगुणला एकदाही वाटलं नाही. आनंदीच्या दुकानात पुढचे काही दिवस कोणी ना कोणी काहीबाही बोलून त्याला डिवचायचं. चीनचं आणखी नवं, शेपटीच नसलेलं विमान आलंय, असं एकानं सांगितलं. सगुण "हां" म्हणाला आणि पैसे देऊन उठला.

पण पुढच्या शनिवारी तो वाळपईला गेलाच. सायली आत मासे साफ करत होती. सगुणनं खुर्ची नारायणजवळ ओढली आणि पहिल्यांदाच विमान सोडून बोलला. विनोदिनीला ताप कसा चढला, आपण बार्जवर होतो, निरोप उशिरा पोचला, घरी आलो तेव्हा अंगणात माणसं होती. सांगताना तो सुपारीच्या झाडांकडं पाहत होता. मध्येच त्यानं वळून पाहिलं तर नारायणची मान छातीवर आली होती. झोपला होता.

सगुणनं खुर्ची आणखी जवळ ओढली. मग आवाज उतरवून त्यानं राहिलेलं सगळं सांगून टाकलं.