मामीने गायलेल्या धमक्या

आमची मामी एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की हात धुऊन लागते. ती घरी मुलांना गिटार शिकवायची आणि मामा बेकरीची व्हॅन चालवायचा. व्हॅनमध्ये दिवसभर गँगस्टर रॅप चालायचं: गल्ली कुणाची, बंदूक कुणाची, कोण कुणाला आडवा करणार. मामा स्वतः झुरळाला घाबरायचा, पण गाणी सगळी तोंडपाठ. मामी व्हॅनमध्ये बसायची ती कानांत बोटं घालूनच.

मग मामाला पक्षाघाताचा झटका आला आणि त्याची वाचा गेली. "बोलता येत नाही त्यांना कधीकधी गाता येतं," स्पीच थेरपिस्ट म्हणाली. "ओळखीची गाणी म्हणून बघा. पण आत्ताच, उशीर झाला तर अवघड आहे." मामीने आपली सगळी हळवी गाणी गाऊन पाहिली. मामा भिंतीकडे तोंड करून पडला. मला वाटलं, संपलं सगळं.

मामी म्हणाली, "ही माझी गाणी झाली. यांची घ्यायला हवीत."

रॅपचा वेग मामाच्या जिभेला झेपेना, म्हणून तिने तीच गाणी गिटारवर अंगाईच्या चालीत बसवली. वॉर्डात स्टुलावर बसून, डोळे मिटून, गोड गळ्याने ती गायली, "गल्ली माझी, शब्द माझा, मध्ये आलास तर..." अख्खा वॉर्ड पोट धरून हसला. समोरच्या खाटेवरचे आजोबा चमच्याने पेला बडवायला लागले, तशी मामीनेही तारा खणाखणा छेडल्या आणि अंगाईचं रॉक झालं. सिस्टर ओरडायला आली आणि तोंडावर रुमाल धरून परत गेली.

मामी रोज "तर..." वर थांबायची आणि मामाच्या तोंडाकडे बघायची. एका दुपारी त्याचे ओठ हलले. "सं...प...लास." मी रडले. मामी म्हणाली, "पुढची ओळ."

पुढे मात्र गाडं अडलं. गाण्यातले शब्द यायचे, स्वतःचा एकही नाही. पाणी हवं असलं तरी मामा म्हणायचा, "गोळी घालीन." मामी गातच राहिली. शेवटी घसा बसला, तेव्हा तिने गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"नाही हो होत आता," ती म्हणाली.

मामाने चांगल्या हाताने तिचा हात उचलला आणि तारांवर ठेवला. मग कपाळाला आठ्या घालून, अंगाईच्याच चालीत, कुठल्याही गाण्यात नसलेलं वाक्य त्याने ओढत ओढत म्हटलं, "थांबलीस... तर... बघ."