हिरव्या बांगड्या नाकारल्या तो दिवस

मी विशीतच विधवा झाले, तर पुन्हा लग्न का केलं नाही, असं तुम्ही नातवंडांनी इंग्रजीत विचारलंत. इंग्रजी मी पुढे मिशनच्या मड्डमांकडे शिकले, तुमच्या बापाचा अभ्यास घेता यावा म्हणून. पण उत्तर मराठीतच लिहिते. त्या दिवशीची माणसं मराठीत बोलली.

तुमच्या पुस्तकांत लिहिलेलं असेल, हिंदू विधवेला लग्नाची मनाई. आम्हा शेतकऱ्यांत तसं नव्हतं. आमच्यात विधवेचा पाट लागे, म्हणजे दुसरं लग्न होई, आणि तो नको म्हणणारीकडेच लोक वळून बघत. त्यात विलायतेला आमच्या कापसाची ओढ लागलेली, वऱ्हाडात पैसा खेळत होता. अशा दिवसांत एकटी तरुण बाई म्हणजे लोकांना पडीक शेत वाटे.

दिवाळीला मी अकोल्याला माहेरी गेले. तुमचा बाप अडीच वर्षांचा, कडेवर. आत्याने एक माणूस पाहून ठेवला होता. कापसाच्या गाड्या हाकायचा, निर्व्यसनी, बोलायला मऊ. त्याची बहीण हिरव्या बांगड्या घेऊन ओसरीवर बसली. त्या हातात चढल्या की होकार झाला.

दारात माझ्या सासरचा, अमरावतीचा छकडा उभा होता. माझे भासरे, म्हणजे तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ, आले होते. छकड्यात लहान मुलापुरती गोधडी अंथरलेली पाहिली. पाट लावलेली बाई नव्या घरी जाते, पहिल्याचं मूल पहिल्याच्या घरी राहतं, ही रीत. ते पोराला न्यायला आले होते. मी बांगड्यांपुढे मूठ मिटून बसले.

"काहून अडून बसली व बाई?" आत्या म्हणाली. "भाव हाये तवरच कापूस इकावा."

"मी काय कापूस हाये?"

"म्हातारपनी पानी कोन देईन तुले?"

मी त्या माणसालाच विचारलं, "पोरगं संगं घेता का?"

तो खाली बघत म्हणाला, "माह्या हाती असतं तं घेतलं असतं. पंच नाई आयकनार."

खोटं बोलला नाही, याबद्दल मी आजही त्याचे आभार मानते. मी हात मागे घेतला. माझे बाबा चिडून मागच्या दाराने निघून गेले.

भासऱ्यांपुढे मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर सावरून म्हटलं, "दादाजी, मलेबी न्या."

"एकटी काय करशीन तिथं?"

"वेचनी."

"अन् वेचनी सरल्यावर?"

"सरकी काढीन. मंग पेरनी येते."

ते हसले. "बस मंग. ऊन चढाच्या आत निंगू."

वाटेत दोन्हीकडे शेतं पांढरी फुटली होती. तुमच्या बापाने बोंड मागितलं. मी उतरून एक न फुटलेलं, हिरवं तोडून दिलं. त्याला ते काही केल्या उघडेना. मीही उघडून दिलं नाही; बोंड आपल्या वेळेनेच फुटतं. आम्हा दोघांना आता वेळ भरपूर होता.