वन्संनी चुकवलेलं इंजेक्शन

बाळांनो, तुमच्या आत्याआजीच्या आजारपणातली माझी एक चूक तुम्हाला माहीत नाही. ती माझ्याकडूनच कळावी.

तुमच्या आजोबांची ही थोरली बहीण, माझ्या वन्सं, पन्हाळ्याच्या पायथ्याशी शेतावर राहतात. इंग्रजी कागद विम्याचा असो की डॉक्टरांचा, तो माझ्याकडे यायचा आणि मी वाचून सांगेन ते साऱ्या घराला मान्य असायचं. गेल्या वर्षी त्यांच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली. केमोच्या पहिल्या इंजेक्शननंतर केस गेले, अन्न नकोसं झालं. तेवढ्यात कुणीतरी त्यांना अळंबीच्या पुडीचा डबा आणून दिला. यात काही तथ्य आहे का, ते बघायला त्यांनी मला सांगितलं.

मी इंटरनेटवरचा एक शोधनिबंध छापून घेतला. अळंबीतून काढलेल्या साखरेच्या लांब साखळ्यांत रासायनिक बदल केला की गाठीची वाढ मंदावते, असं पहिल्याच परिच्छेदात होतं. ते मी लाल पेन्सिलीने अधोरेखित केलं आणि फोनवर मराठीत सांगितलं. त्यांना धीर यावा, एवढाच हेतू.

पुढे तीन आठवड्यांनी कळलं, त्या दुसऱ्या इंजेक्शनला गेल्याच नव्हत्या. त्यांच्या मुलाने विचारलं तर म्हणाल्या, तुझ्या मामीनं वाचलंय.

त्या दिवशी मी निबंध शेवटपर्यंत वाचला. प्रयोग उंदरांवरचा होता. बदल न केलेल्या अर्काचा तर उंदरांनाही फारसा उपयोग झाला नव्हता, आणि डब्यात होती नुसती वाळवून दळलेली अळंबी. जन्मभर वर्गात 'प्रश्न पूर्ण वाचा' म्हणून बजावणारी मी.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने शेतावर गेले. वन्सं डोक्याला रुमाल बांधून गोठ्याजवळ बसल्या होत्या. प्रयोग उंदरांवरचा होता आणि डब्यातली पूड ती नव्हेच, हे त्यांना सांगितलं. माझं चुकलं, हेही सांगितलं.

त्या म्हणाल्या, "म्हंजे उंदरांस्नी गुण आला म्हण की."

मला हसू आलं नाही.

"आणि त्ये इंजेक्शन? त्ये तरी माणसांवर करून बघितलंय न्हवं?"

"हो वन्सं. पुष्कळ माणसांवर."

"मग त्ये आधी का न्हाय सांगितलंस?"

त्यांनी मुलाला दवाखान्यात जायला गाडी काढायला सांगितली. "तूबी चल," मला म्हणाल्या. "तिथला कागद तूच वाच. पर सगळा वाच."

आता सगळी इंजेक्शनं झाली, ऑपरेशन व्हायचंय. मधल्या खंडाने किती नुकसान झालं, ते मी डॉक्टरांना विचारलं. नक्की सांगता येणार नाही, म्हणाले. वन्संना मी ते जसंच्या तसं सांगितलं.