टक्क्यांपलीकडची बिअर

बिअरवर इतकं बोलून इतकी कमी पिणारा माणूस अख्ख्या आयर्लंडात दुसरा नसेल. ॲडम्सटाउनला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ मूळचे पुण्याचे, नोकरी औषधांच्या कारखान्यात माल तपासून पास-नापास करण्याची. त्याआधी तीन वर्षं जर्मनीत काढलेली, आणि तिथून ते जर्मन भाषेपेक्षा जर्मन बिअरच जास्त शिकून आले होते. कोलोनची हलकी, बर्लिनची आंबट, बांबेर्गची धुराच्या वासाची, असं ते सांगू लागले की ऐकणाऱ्याचा घसा कोरडा पडे आणि त्यांचा ग्लास मात्र तासभर अर्धाच राही.

"किती टक्के आहे?" एवढं त्यांना विचारायचं नाही. आमच्या एका नागपूरकर मित्राने विचारलं. "अहो, टक्क्यांवरून बिअर निवडणं म्हणजे वजनावरून गवई निवडणं!" इथून जे सुरू झालं ते पानं वाढेपर्यंत चाललं. बव्हेरियातली डॉपेलबॉक सात-आठ टक्क्यांची असते, पण चांगली जमली तर जोर जिभेला कळत नाही, गुडघ्यांना कळतो, हे त्यांनी उभं राहून सांगितलं. मित्र बिचारा पुढे त्यांच्यासमोर लिंबू सरबतच घेऊ लागला. पबमध्ये ग्लासाला साबणाचा वास येतो म्हणून त्यांनी तीनदा ग्लास परत केला. "यू आर ग्रँड," म्हणजे काही हरकत नाही, असं म्हणत बारमनने तिन्ही वेळा बदलून दिला, आणि पुढे ते दारात दिसले की तो आधी ग्लास विसळायला घेई.

२०१८च्या हिवाळ्यात त्यांनी स्वतःच डॉपेलबॉक घातली. बाल्कनीतली आयरिश थंडी फुकट मिळालेला फ्रीज आहे म्हणाले. रोज ऑफिसातून आल्यावर आधी पिंपाचं तापमान, मग बायको-मुलीची विचारपूस. "बाबा, इट्स ओन्ली बिअर!" असं मुलगी म्हणे. तेवढ्यात पुण्याहून त्यांच्या आईच्या आजारपणाचा फोन आला आणि घरात बोलून त्यांनी कायमचं परत जायचं ठरवलं. निरोपाच्या दिवशी हीच बिअर काढायची, असंही ठरलं.

त्या रविवारी दुपारी आम्ही पंधराजण ग्लास घेऊन त्यांच्याकडे जमलो. त्यांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले, पुन्हा एक घेतला.

"बिघडलीय," ते म्हणाले.

मी चाखून पाहिली. मला झकास लागली. तसं म्हटलंही. "तुम्हाला नाही कळणार, पण मला कळलंय ना," म्हणाले, आणि आम्ही नको नको म्हणत असताना त्यांनी सगळं पिंप सिंकमध्ये ओतलं. पाण्याचा नळ सोडून ते बराच वेळ पाठमोरे उभे राहिले.

वहिनींची भांडी खोक्यांत गेली होती, म्हणून मीच खाली जाऊन चहा करून आणला. घाईत तो इतका उकळला होता की जीभ कडू झाली. बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली. त्यांनी मात्र कप संपवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अजून आहे का रे थोडा?"