टँक म्हणजे कुठला?

सातवा ठिपकाही रणगाड्यांच्या शेडवरच पडला. मी कपाळाला हात लावला.

नगरच्या लष्करी दवाखान्यात डेंग्यूचा नकाशा माझ्याकडे होता. काम सोपं. पेशंट दिवसा कुठं असतो, कुठं झोपतो ते फॉर्मवर बघायचं आणि कॉम्प्युटरवर तिथं लाल ठिपका टाकायचा. ठिपके दाटतील तिथं डास शोधायचे. शेडमध्ये दोनदा धूर मारला, कोपरान्‌कोपरा बघितला. अळी एकही नाही.

"सुभेदारसाहेब," कर्नलसाहेब म्हणाले, "शेड बंद ठेवून आठवडा झाला. ट्रेनिंग बोंबललं. नकाशा बरोबर आहे ना?"

"शंभर टक्के, सर."

माझ्या नकाशामुळे जवान पोरांच्या सुट्ट्याही रद्द झाल्या. मेसमध्ये मी बसलो की टेबल रिकामं व्हायचं. घरीही कोणी नव्हतं, बायको लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. बोलायला एकच माणूस, रात्रपाळीचा चौकीदार किसनभाऊ. कर्जतकडचा. दिवसाची झोप झाली की दुपारी चारला चहा घेऊन यायचा. बडबड माझीच, तो नुसता "व्हय सायब" नाहीतर "टँकपाशी हुतो" एवढंच म्हणायचा. खरं सांगतो, त्या चहाच्या आशेवर मी दिवस ढकलायचो.

बुधवारी तो आला नाही. आठवा पेशंट तोच निघाला. प्लेटलेट घसरलेल्या, हिरड्यांतून रक्त. फॉर्मवर क्लार्कनं लिहिलेलं, झोपण्याची जागा : टँक.

माझा हात माऊसवरच थांबला. हा म्हातारा रणगाड्यांत कशाला झोपेल? तसाच वॉर्डात पळालो.

"किसनभाऊ, तुम्ही शेडमध्ये झोपता?"

"न्हाई वो सायब. टँकपाशी. पान्याच्या. तितं गार लागतं. तुमची पोरंबी दुपारी तितंच पडत्यात."

आमची छावणी रणगाड्यांची. टँक म्हटलं की आम्हाला तोफच दिसते. बाकीच्या सातही फॉर्मवर 'टँक'च होतं, आणि मी डोळे झाकून सात ठिपके शेडवर टाकले होते. पाण्याची टाकी मैदानापलीकडे. झाकण फुटलेलं, आत अळ्यांची वळवळ. डेंग्यूचा डास चावतो दिवसा, आणि माणसं तिथं झोपत होती दिवसाच. त्याच दिवशी टाकी उपसली. दोन आठवड्यांत नवे पेशंट थांबले, शेड उघडलं.

किसनभाऊ वाचला. पण त्याचा मुलगा येऊन त्याला कायमचा गावी घेऊन गेला. तो निघताना मी माफी मागितली.

"आवो सायब, मी रोज सांगत हुतो की, टँकपाशी असतो म्हनून," तो हसला. "कंच्या टँकपाशी, ते तुमी कवा इचारलंच न्हाई."

फॉर्ममध्ये आता एक रकाना वाढवलाय : टँक असल्यास कुठला. चार वाजले की मी एकटाच तो तपासत बसतो.