तालीम घेणाऱ्या बाई

"पुन्हा. आणि या वेळी सॉरी वगळून."

हे म्हणताना बाई चष्मा कपाळावर चढवायच्या. चष्मा वर गेला की समजायचं, आता सुटका नाही.

बाई जमैकाच्या. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या रेडिओवर बातम्या देण्यात उभी हयात गेली, आणि निवृत्तीनंतर त्यांनी कृष्णवर्णीय पत्रकारांच्या संघटनेची इथली शाखा चालवायला घेतली. मी एका साप्ताहिकाचा फोटोग्राफर, मूळचा साताऱ्याचा. पहिल्या भेटीत मी नम्रपणे म्हटलं, "पण मी कृष्णवर्णीय नाही."

"गाडी आहे?"

"आहे."

"मग मंगळवारी खुर्च्या घेऊन ये."

त्या सुमारास आमच्या साप्ताहिकात एक नवी वार्ताहर लागली. आईवडील नायजेरियाचे, पोरगी हुशार, आवाज मात्र कुजबुजल्यासारखा. कोर्टाच्या बातम्या तिच्याकडे. तिथल्या शिपायाने तिसऱ्यांदा तिला आरोपींच्या बाकाकडे पाठवलं, तेव्हा तिने राजीनामा लिहिला. आणि द्यायच्या आधी संघटनेच्या मंगळवारच्या बैठकीत बाईंना दाखवायला आणला.

बाईंनी सांत्वन वगैरे केलं नाही. वाचनालयाच्या वरच्या खोलीत टेबलं सरकवून कोर्ट मांडलं. स्वतः न्यायाधीश, शिपाई मी. आता तुम्हीच सांगा, मंडळाच्या गणेशोत्सवात तीनदा हवालदार झालेला माणूस अशी भूमिका हात राखून करेल का?

"कितवी केस तुझी?" मी गरजलो. "आरोपी तिकडे!"

"इथला शिपाई ओरडत नाही," न्यायाधीश म्हणाल्या. "गोड बोलतो. म्हणून तर आपण गप्प बसतो."

मी साखर पेरली. "कितवी केस, डिअर? इथे बसा हं."

"सॉरी, मी खरं तर..."

चष्मा वर.

अकराव्या खेपेला पोरगी म्हणाली, "मी वार्ताहर आहे. माझी जागा ती." मी मुकाट बाजूला झालो, नाटक आहे हे विसरून.

बाईंनी राजीनाम्याची घडी पर्समध्ये टाकली. "शुक्रवारी कोर्ट सुटल्यावर हवा असेल तर माग."

शुक्रवारी बाई प्रेक्षकांत जाऊन बसल्या. कोर्टात कॅमेरा चालत नाही, म्हणून मी बाहेर पावसात. बाई बाहेर आल्या.

"काय झालं?"

"विचारलं त्याने. तिने सांगितलं. बसली."

राजीनामा तिने कधीच मागितला नाही.

यंदा बाई गेल्या. अंत्यविधीची बातमी तिच्याकडे, फोटो माझ्याकडे. दारातल्या माणसाने अदबीने विचारलं, "आपण नातेवाईक?"

तिच्या हातात वही उघडी होती. मी कॅमेरा खाली घेऊन वाट पाहिली.

"हो," ती खणखणीत म्हणाली, वही मिटली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.