गाडीच्या रंगाचा लोगो

थोरला भाऊ फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाला आणि आल्या आल्या त्यानं नवी गाडी घेतली. मरून रंगाची. औंधला यमाईला नेऊन पूजा केली, बोनेटला हार घातला आणि विट्याजवळच्या आमच्या गावी परत येताना वाटेत मला म्हणाला, "ही पुढची-मागची चांदी मला आवडत न्हाई. कंपनीचा लोगो, गाडीचं नाव, समदं गाडीच्याच रंगाचं करून दे. लोकांचं करतोस, भावाचं कवा करणार?"

मला बरं वाटलं. त्यानं माझ्याकडं काही मागितल्याचं मला तरी आठवत नव्हतं.

मला तांबडा आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही. लहानपणी ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. आमच्या घरात आजोबा, वडील, भाऊ, सगळे फौजेत. मीही भरतीला गेलो, पळण्यात पुढं आलो, आणि मेडिकलला डॉक्टरनं ठिपक्यांचं एक चित्र समोर धरून आत कोणता आकडा आहे ते विचारलं. मला आकडाच दिसेना. घरी परत आलो. भाऊ रजेवर आला तो दारातूनच ओरडला, "काय रं कलर!" तेव्हापासून घरात माझं तेच नाव चाललं.

असल्या माणसानं रंगाचं काम धरावं याचं लोकांना नवल वाटायचं. पण गाडीच्या रंगाला नंबर असतो. तो सांगितला की सांगलीच्या दुकानात तसाच रंग बनवून स्प्रेच्या डब्यात भरतात आणि डब्यावर तो नंबर चिकटवून देतात. नंबर जुळला की रंग जुळला. बाकीचं काम हाताचं. मी पहिल्यांदा माझ्या मोटारसायकलचा लोगो केला, मग गावातल्या दोघाचौघांच्या गाड्यांचे. तरी काम झालं की बायकोला दाखवल्याशिवाय मी लोगो परत चिकटवत नसे.

भाऊ म्हणाला, "डबा मी आणतो. मला सांगलीला जायचंच हाय." त्याच आठवड्यात बायको भाच्याच्या बारशाला माहेरी, वाईला गेली आणि बाळंतिणीच्या मदतीला तिथंच राहिली.

त्यानं डबा आणला. मी गाडीचं दार उघडून आतल्या पट्टीवरचा नंबर आणि डब्यावरचा नंबर दोनदा ताडून पाहिला. बरोबर होता. मग लोगो आणि नावाची अक्षरं गरम करून नायलॉनच्या दोऱ्यानं हळूहळू सोडवली, मागचा गोंद काढला, चकाकी जाईपर्यंत पॉलिश पेपरनं घासली. रंग धरावा म्हणून प्रायमर दिला, वाळू दिला, मग रंगाचे पातळ पातळ हात आणि वर चकाकीसाठी लॅकर. धूळ बसू नये म्हणून अक्षरं खोक्यात झाकून ठेवायचो. भाऊ येता-जाता खोक्यात डोकावून म्हणायचा, "झकास. लय झकास."

अक्षरं वाळल्यावर एक अक्षर बोनेटवर धरून मी आईला हाक मारली. "आई, जुळतोय का रंग?"

आई ओसरीवर शेंगा फोडत होती. तिनं आधी भावाकडं पाहिलं, मग गाडीकडं. म्हणाली, "जुळतोय की."

मी सगळं चिकटवलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी मामाच्या मुलीचं लग्न सांगलीला होतं. भावानं मुद्दाम गाडी मंगल कार्यालयाच्या दारातच लावली आणि मला हाताला धरून बोनेटपाशी उभं केलं. मामा, मावश्या, चुलते, जावई, सगळ्यांना त्यानं बोलावून आणलं होतं.

"ह्यो आमचा कलाकार," तो म्हणाला. "सांग रं, गाडी कंच्या रंगाची?"

"मरून."

"आन् वरचा लोगो?"

"मरूनच की."

जो हशा पिकला, तो आतल्या सनईच्या वर ऐकू आला. मला वाटलं, माझ्या मागं काहीतरी घडलं असावं. मी वळूनही पाहिलं.

एक चुलते डोळे पुसत म्हणाले, "आरं, हिरवागार हाय रं त्यो! लिंबाच्या पाल्यावानी!"

माझा विश्वास बसेना. मला दोन्ही सारखेच दिसत होते, ओल्या मातीसारखे. मग भावानंच सांगितलं, मला नाही, त्यांना. "दुकानदाराला म्हनलं, डब्यात हिरवा भर आन् वर नंबर मरूनचा चिकटव. ह्यो बसला दिवसभर फुंकर घालत! आता कळलं का, फौजेनं ह्येला का परत धाडला?"

कुणीतरी मोबाईलवर सगळं टिपत होतं. मी आईला शोधलं. ती मावशीच्या खांद्यामागं होती आणि तोंडाला पदर लावून हसत होती.

"मी तुला इचारलं होतं," मी म्हणालो.

"दादा म्हनला, सांगू नगं, गंमत हाय," ती म्हणाली, आणि तिला पुन्हा हसू फुटलं.

जेवणाच्या पंगतीत तर खेळच झाला. वाढणारा पुढं आला की समोरचे विचारायचे, "ही जिलबी कंच्या रंगाची? आन् ही चटणी?" पहिल्या दोनतीन वेळा मी उत्तरं दिली. मुकाट बसलो तर जास्त हसतील असं वाटलं. उत्तरं दिली तरी जास्तच हसले.

बायकोनं तो व्हिडिओ वाईतच पाहिला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आली आणि पिशवीसुद्धा खाली न ठेवता आईपुढं उभी राहिली. "आवं आत्या, त्यांनी तुमाला इचारलं होतं ना?"

"हसलं तर काय झालं?" आई म्हणाली. "अंगाला भोकं पडली व्हय त्याच्या?"

मी भावाला म्हणालो, खरा रंग आणून परत करून देतो. तो म्हणाला, "राहू दे. गाडीची वळख झालीय."

आणि खरंच झाली. कारखान्यावर, विट्याच्या बाजारात, जिथं जाईल तिथं गाडीभोवती लोक जमायचे आणि भाऊ तीच गोष्ट नव्यानं सांगायचा. माझ्याकडं येणारं काम थांबलं.

पावसाळा सरला तरी ते हिरवं तसंच होतं. एका सकाळी मी नायलॉनचा दोरा घेतला आणि भावाच्या देखत बोनेटचा लोगो काढायला लागलो. तो खुर्चीत चहा पीत बसला होता.

"हात काढ."

मी दोरा ओढत राहिलो. लोगो निम्मा सुटला. त्यानं कप खाली ठेवला, उठून आला आणि माझ्या कानाखाली मारली. पन्नाशी गाठत आलेल्या भावाला, अंगणात, शेजारणी पाणी भरत असताना. मी लोगो उपसून काढला आणि उकिरड्यावर फेकला. त्यानं आणखी एक मारली.

आई दारात आली. मला म्हणाली, "थोरल्याच्या वस्तूला हात कशाला लावतोस?"

त्याच दिवशी बायकोनं चूल वेगळी मांडली. आई भावाकडं जेवते. त्यानं कंपनीतून नवा चंदेरी लोगो आणि नवी अक्षरं आणून बसवली आणि माझ्याशी बोलणं टाकलं, जणू गुन्हा माझाच.

वर्षभरानं काम पुन्हा थोडंथोडं यायला लागलं, बहुतेक लांबच्या गावांहून. आता दुकानातून डबा बायको आणते आणि झाकण उघडून तीच पाहते. गिऱ्हाईक आलं की मी पॉलिश पेपर घेऊन खाली बसलेला असतो. तो माझ्या डोक्यावरून तिला विचारतो, "ताई, रंग बरोबर बसंल न्हवं? कवा मिळंल? लॅकर किती हात देता?" लॅकरचं तिला काही माहीत नसतं. ती माझ्याकडं बघते. मी सांगतो. तो मान हलवतो आणि पुढचा प्रश्न परत तिलाच विचारतो.